ट्रॅक्टरचं शहाणपण, कॅमेऱ्याचं मरण

जुनं ते चालू

दिवाळीची आवराआवर निघाली की तळेगाव ढमढेरेच्या आळ्यांत भंगारवाल्याची हाळी एक पट्टी वर चढते, आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून डिजिटल कॅमेरा खाली येतो. कुणीतरी बटण दाबतं, भिंगाची नळी अर्धी बाहेर येऊन थबकते, पडदा काळा पडतो आणि जागच्या जागी निकाल लागतो : जुना झाला, चार्जिंग धरत नाही, टाका. पंख्याचा कंडेन्सर गेला म्हणून कुणी पंखा भंगारात घालत नाही, हे उन्हाळ्यात याच सदरात लिहून झालं आहे आणि त्यावर ‘तुम्हाला सगळंच जपायचं असतं’ असा शेराही मिळून झाला आहे. तेव्हा आज सगळंच जपायचं सोडून फक्त ‘चार्जिंग धरत नाही’ या तीन शब्दांची चौकशी करू. माझं म्हणणं असं की फळीवरून उतरणाऱ्या या बॅटऱ्यांपैकी बऱ्याच नुसत्या वयानं गेलेल्या नाहीत. आपण त्यांना दुसऱ्याच बॅटरीचं पथ्य लावलं, आणि ते पथ्य त्यांना बाधलं.

आपल्या भागात बॅटरी म्हटलं की आधी ट्रॅक्टर आठवतो, मग घरातला इन्व्हर्टर. दोन्ही शिशाच्या. ही जात जुनी, १८५९ साली गॅस्टन प्लांते या फ्रेंच माणसानं केलेली, आणि तिचा स्वभाव बैलासारखा : काम नसलं, दावणीला उभी असली तरी वैरण वेळेवर लागते. उतरलेल्या अवस्थेत तशीच ठेवली तर आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे घट्ट होत जातात आणि मग चार्जर कितीही वेळ लावा, ती काही घेत नाही. म्हणून औताचं काम नसलं तरी ट्रॅक्टर अधूनमधून सुरू करायचा, डिस्टिल्ड वॉटर बघायचं, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानं धुवायची आणि बॅटरी सदा भरलेली ठेवायची. हे ज्ञान पुस्तकातलं नाही. ऊसतोडीच्या दिवसांत पहाटे ट्रॅक्टर नुसताच ‘कट्‌कट्‌’ करून गप्प बसला, त्या फजितीतून ते आलेलं आहे, म्हणून ते पक्कं आहे. आता कॅमेऱ्यातली चपटी बॅटरी पाहा. लिथियम-आयनची ही जात बाजारात आली १९९१ मध्ये, सोनी कंपनीकडून, आणि तिचा स्वभाव नेमका उलटा. काठोकाठ भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्टवर ताणलेला असतो. त्या ताणात आतलं रसायन पट्ट्यांशी हळूहळू झिजत राहतं, आणि उष्णता त्या झिजण्याला हात देते. या विषयात नेहमी दाखवला जाणारा हिशेब असा : सेल ४० टक्के भरून २५ अंश तापमानात वर्षभर ठेवला तर त्याची ९६ टक्के क्षमता शाबूत राहते, आणि पूर्ण भरून ४० अंशांत ठेवला तर उरते सुमारे ६५ टक्के. शिरूर तालुक्याचा एप्रिल-मे, वर पत्र्याचं छप्पर, खाली लोखंडी कपाट, आणि त्यात ‘लग्नाला लागेल’ म्हणून पूर्ण चार्ज करून ठेवलेली बॅटरी. ट्रॅक्टरला जे अमृत, तेच हिला विष. अगदी रिकामी ठेवावी तर तेही चालत नाही. वर्षानुवर्षं पडून ती आणखी उतरते, तीन व्होल्टच्याही खाली गेली की आतलं संरक्षक सर्किट दार लावून घेतं, आणि चार्जरचा दिवा भराभर मिचकावून हात वर करतो.

हे पथ्य लोकांनी उगाच लावलं नाही, हेही कबूल केलं पाहिजे. डिजिटल कॅमेरे घरोघरी शिरले ते नेमके भारनियमनाच्या वर्षांत. २००५ नंतर खेड्यांतली वीज दिवसातून दहा-दहा तास गायब असायची. अशा वेळी लाइट आली की हाताला लागेल ते चार्जिंगला लावायचं, हाच शहाणपणा होता. २००६ मध्ये पुणे शहर भारनियमनातून सुटलं. तळेगाव ढमढेरे पुणे जिल्ह्यातच आहे, याचा पुरावा त्या काळी फक्त सातबाऱ्यावर सापडत असे. (आज विजेवर लिहायचं नव्हतं. पण विजेवर न लिहिता बॅटरीवर लिहिणं म्हणजे पावसावर न बोलता विहिरीवर बोलणं.) त्यात दुसरी उसनवारी मिसळली ती लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवाल्यांकडून. त्यांच्या खांद्यावरच्या जुन्या कॅमेऱ्यांना निकेल-कॅडमियमची बॅटरी असे. ती अर्धवट उतरवून चार्ज करत राहिलं तर तेवढ्याच उताराची सवय धरते, म्हणून ‘पूर्ण उतरव, मगच लाव’ हा मंत्र निघाला. तो मंत्र त्या बॅटरीबरोबरच निवृत्त व्हायला हवा होता. तसं झालं नाही. लिथियमला मुळी अशी सवय लागतच नाही, तळापर्यंत रिकामं करण्यानं तिचं नुकसानच होतं. एकीकडून ट्रॅक्टरवाल्याचं ‘भरलेली ठेव’, दुसरीकडून शूटिंगवाल्याचं ‘पूर्ण रिकामी कर’, आणि मधे कॅमेऱ्याची बॅटरी. तिला हवं होतं ते मधलं, अर्धं भरलेलं आणि थंड जागेतलं, आणि ते सांगणारं गावात कुणी नव्हतं. कंपनीनं छापलं होतं, पण ते माहितीपुस्तकाच्या मागच्या पानांत, आणि आपल्याकडं ते पुस्तक खोक्यासकट कपाटावर जातं.

‘आमचा कॅमेरा चपट्या बॅटरीचा नाही, पेन्सिल सेलचा आहे, आणि तो सेल खातो,’ ही तक्रार वेगळी, पण चूक त्याच वाणाची. कॅननच्या पॉवरशॉट ए मालिकेतले आणि निकॉनच्या कूलपिक्स एल मालिकेतले कितीतरी कॅमेरे दोन किंवा चार पेन्सिल सेलवर चालत. पेंटॅक्सनं तर २००६ च्या के१००डी या मोठ्या कॅमेऱ्यालाही चार पेन्सिल सेल दिले होते. भिंगाची मोटर आणि फ्लॅश यांना एका दमात मोठा प्रवाह लागतो. साधा अल्कलाइन सेल त्या ओढीत वाकतो, व्होल्टेज खाली येतं, आणि कॅमेरा समजतो की सेल संपला. तोच ‘संपलेला’ सेल भिंतीवरच्या घड्याळात घाला, महिनोन्‌महिने टिकटिक करील. मोठी ओढ सोसणारा सेल निकेल-मेटल-हायड्राइडचा, चार्ज करता येणारा. त्याच्या छापील १.२ व्होल्टवर जाऊ नका, तो ते शेवटपर्यंत धरून ठेवतो. जुने असे सेल नुसते ठेवून महिन्याभरातच बरेच उतरत. सान्योनं २००५ मध्ये आणलेल्या एनेलूपनं तीही रड संपवली. पेन्सिल सेलच्या मापावर माझं जुनं प्रेम आहे, वाचक हसतील तर हसोत. त्या प्रेमाचं कारण रानात आहे. जुन्नर वन विभागात आपला शिरूर तालुकाही येतो. तिथं उसातल्या बिबट्यावर पाळत ठेवणारे ट्रॅप कॅमेरे बहुतेक याच किंवा अशाच सर्वसाधारण मापाच्या सेलवर उन्हापावसात उभे असतात. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते आणि त्यांनी ३ कोटी ४८ लाखांवर छायाचित्रं काढली. रानातला कॅमेरा चालतो, कारण कुणीतरी ठरल्या दिवशी जाऊन त्याचे सगळे सेल एकदम बदलतं. घरातल्या कॅमेऱ्यात दोन नवे, दोन रिमोटमधले जुने घालायचे आणि वर ‘खातो’ म्हणायचं, हा न्याय नव्हे.

आता आक्षेप. पहिला : वयाचं काय? बरोबर आहे, लिथियमचा सेल न वापरताही झिजतो. पंधरा-अठरा वर्षांपूर्वीची मूळ बॅटरी आज थकलेलीच असणार, आणि ‘ओरिजिनल, सीलबंद’ म्हणून मिळणारा जुना साठाही तितकाच म्हातारा. पण थकणं आणि मरणं यांत फरक आहे, आणि तो मोजता येतो. निकॉनच्या डी९० सारख्या कॅमेऱ्याच्या मेन्यूत बॅटरीचं वय ० ते ४ या आकड्यांत दिसतं. ० म्हणजे नवी, ४ म्हणजे बदला. तो आकडा न बघताच कॅमेरा बाद करणाऱ्याला वयावर बोलायचा हक्क नाही. दर वेळी ‘तारीख सेट करा’ असं येतं म्हणून कॅमेरा बिघडला असंही नव्हे. आतला घड्याळाचा छोटा सेल बहुतेक कॅमेऱ्यांत मोठ्या बॅटरीवरच भरतो, आणि त्यासाठी चांगली बॅटरी एखादा दिवस आत राहू द्यावी लागते. दुसरा आक्षेप : डुप्लिकेट बॅटरी स्वस्तात मिळते, मग पथ्य कशाला? ती घ्यावी लागते, कारण माप कंपनीनं बदललेलं असतं, आणि तिच्यावर छापलेले एमएएच हे निवडणुकीतल्या आश्वासनांइतके उदार असतात. ती फुगून खोबणीत अडकली की स्वस्त पडली की महाग, ते ज्याचं त्यानं ठरवावं. इथं कंपन्यांची नियत बघा. कॅननच्या २००८ च्या ५डी मार्क टू ची एलपी-ई६ बॅटरी २०२० च्या आर५ मध्ये बसते. लाखांच्या कॅमेऱ्याला बारा वर्षं एक माप पुरलं, आणि काही हजारांच्या छोट्या कॅमेऱ्यांना मात्र एनबी-४एल, एनबी-५एल, एनबी-६एल अशी पाढ्यासारखी मापं लागली. कुणी म्हणेल कॅमेरा बारीक करायचा होता. असेल. मला गिऱ्हाईक बारीक करायचं होतं असं वाटतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार : हातात फोन असताना हा खटाटोप हवाच कशाला? फोन चांगला आहे, वाद नाही. पण फोनातही तीच लिथियम आहे, आणि ती डिंकानं चिकटवलेली. युरोपीय संघाच्या नव्या नियमानं १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला काढता-घालता आली पाहिजे, असं ठरलं आहे. म्हणजे युरोपच्या कायद्याला जे आत्ता सुचतंय, ते फळीवरच्या कॅमेऱ्यात, नखानं सरकणाऱ्या झाकणाखाली, आधीपासून आहे. आपल्याकडंही २०२२ चे बॅटरी कचरा नियम आहेत, जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तळेगावच्या बाजारात ती परत घेणारी पेटी कुठं मांडली आहे, ते नियम छापणाऱ्यालाच विचारावं.

तोवर भंगारवाल्याला एक मिनिट थांबवा. कॅमेरा द्यायचाच असेल तर आधी बॅटरी काढा, कारण भंगारात ठेचली गेलेली लिथियम पेट घेते. द्यायचा नसेल तर बॅटरी अर्धी भरून कॅमेऱ्याबाहेर, थंड कोनाड्यात ठेवा, पेन्सिल सेलही काढून ठेवा, आणि तीन-चार महिन्यांनी एकदा बघा. ट्रॅक्टरच्या बॅटरीचं वॉरंटी कार्ड सातबाऱ्याच्या पिशवीत असतं, ती कधी घेतली हे घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं. कॅमेऱ्याच्या बॅटरीवर आजची तारीख स्केचपेननं लिहायला कितीसा वेळ लागतो? पुढच्या दिवाळीला निदान ती किती जुनी आहे, हे ठाऊक असूनच तिला शिव्या देता येतील.

– खटपट्या