जवारी, फझ आणि पायाखालची डबी

आमच्या शिरूर अनंतपाळमध्ये गिटार वाजवणारी पोरं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातही इलेक्ट्रिक गिटार असलेली अगदी दोन-चार. तरी दर काही महिन्यांनी कुणीतरी मला गाठून विचारतंच, "सर, कोणतं पेडल घेऊ?" उर्दू-मराठी शिकवणाऱ्या मास्तरला हा प्रश्न का विचारावा? कारण एवढंच की मी बऱ्याच वर्षांपासून हे वाद्य वाजवतो आणि गावात दुसरं कुणी विचारायला नाही. माझं उत्तर मात्र त्यांना आवडत नाही. मी म्हणतो, आत्ता कोणतंच नको. आधी तारा बदल.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज लाकडी पोटातून येत नाही. तारेखाली चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं, त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार हलली की वेटोळ्यात क्षीण वीज तयार होते, ती वायरने अँपमध्ये जाते आणि तिथून स्पीकरला. गिटार आणि अँपच्या मध्ये, जमिनीवर, पायाने दाबायची एक धातूची डबी ठेवतात. ती या विजेला पिळते, कापते, उशिरा पोचवते किंवा तिची नक्कल करून पुन्हा पाठवते. हेच पेडल. हात वाजवण्यात गुंतलेले असतात म्हणून पाय वापरायचा, इतकी साधी गोष्ट.

यातलं फार जुनं आणि गाजलेलं पेडल फझ. त्याचा जन्म बिघाडातून झाला. १९६१ च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलला एक गाणं रेकॉर्ड होत होतं. ग्रेडी मार्टिन नावाचा वादक बेस गिटार वाजवत होता आणि नेमका रेकॉर्डिंगच्या यंत्राचा एक भाग बिघडला. गिटार घोगरी, फाटक्या आवाजात गुरगुरायला लागली. ते फेकून न देता गाण्यात तसंच ठेवलं गेलं. लोकांना आवडलं. मग १९६२ मध्ये तोच बिघाड मुद्दाम घडवून आणणारी डबी बाजारात आली, मायस्ट्रो फझ-टोन. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन' गाण्यात कीथ रिचर्ड्‌सने ती वापरली आणि तिचं नशीब उघडलं.

युरोप-अमेरिकेत या गोष्टीचं फार कौतुक होतं. असावंच. पण आपल्याकडच्या माणसाने हे ऐकून इतकं चकित व्हायचं कारण नाही. स्वच्छ सुरात मुद्दाम खरखर मिसळून तो भरदार करायची कला आपल्या मिरजेत तर दीडशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे. तिचं नाव जवारी.

सतारीच्या किंवा तंबोऱ्याच्या घोडीचा वरचा भाग सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला केसाइतका हलका उतार दिलेला असतो. तार छेडली की ती त्या उतारावर घासत, टेकत, सुटत कंप पावते. त्यातून मूळ सुरावरचे कितीतरी वरचे सूर जागे होतात आणि तो झणझणीत, मधमाशीसारखा नाद उठतो. तंबोऱ्यात तारेखाली सुताचा धागा सरकवून ती नेमकी जागा शोधतात. फझ विजेच्या लहरीचे शेंडे छाटून वरचे सूर निर्माण करतो, जवारी तेच काम कानस आणि हाताने करते. पद्धत वेगळी, हेतू जवळपास एक.

हे काम करणारी मिरजेची घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तेच हात तंतुवाद्यांकडे वळवले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये वारले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलं. एवढे मोठे गवई, पण वाद्यांची दुरुस्ती आणि तंबोऱ्याची जवारी स्वतः करण्यात वाकबगार. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मला वाटतं, आमच्या पोरांनी यूट्यूबवर पेडलांचे शंभर व्हिडिओ बघण्याआधी एकदा मिरजेला जाऊन जवारी लावणारा कारागीर काम करताना बघावा. तो घासतो, वाजवतो, ऐकतो. पुन्हा थोडं घासतो. हातापेक्षा कान जास्त वेळ काम करतो.

सतारीतही सगळ्यांची जवारी सारखी नसते. पंडित रविशंकरांची खुली, झणझणीत. उस्ताद विलायत खाँसाहेबांची बंद, गोल, गळ्यासारखी. दोघंही शिखरावरचे, पण आपल्याला कोणत्या आवाजात बोलायचं आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. गिटारवाल्यांच्या भाषेत यालाच टोन म्हणतात. उर्दूच्या वर्गात मी याला तलफ्फुज म्हणतो. ज्या पोराच्या तोंडून काफ आणि क़ाफ वेगळे निघत नाहीत, त्याच्या हातात इको लावलेला माइक दिला तर काय होईल? चूक चार वेळा ऐकू येईल. उरुसात कव्वाली ऐकणाऱ्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. साउंडवाला इकोची कळ पूर्ण फिरवून ठेवतो, आणि शेर कुणाचा होता, काय होता, कुणालाच कळत नाही. वाहवा मात्र होते.

आपल्या भागातला माणूस या इकोवर वाढलाय, हेही खरं. आपण ज्याला बँजो म्हणतो तो अमेरिकेतला बँजो नव्हेच. टाइपरायटरसारख्या कळांचं हे वाद्य मूळ जपानचं. १९१२ मध्ये नागोयात गोरो मोरिता यांनी ते बनवलं, नाव तैशोगोतो. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं, तिकडे बलुचिस्तानात बेंजू. आपण त्याला पिकअप बसवला, अँप जोडला, इको लावला आणि वरातीपुढे उभं केलं. म्हणजे पेडल हे नाव ऐकण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडचे बँजोवाले तारेचा आवाज विजेने घडवत होते. लातूरच्या रितेश देशमुखांचा 'बँजो' सिनेमा २०१६ मध्ये आला तेव्हा शहरी मित्रांना हे वाद्य विचित्र वाटलं होतं. आम्हाला नाही वाटलं.

आता माझी आवड. पहिलं ओव्हरड्राइव्ह, तेही गेनची कळ पाव फिरवून. पोरं ती पूर्ण फिरवतात. घरात एकट्याने वाजवताना भारी वाटतं, गॅदरिंगच्या स्टेजवर ढोलक आणि कीबोर्ड सुरू झाले की गिटार गायब. कारण जास्त गेनमध्ये जोराने आणि हळू वाजवण्यातला फरक पुसला जातो, सगळं एकाच पातळीवर येतं. ट्यूब स्क्रीमर जातीचं हिरवं पेडल इतकी वर्षं टिकलं ते त्याच्या मधल्या स्वरपट्टीमुळे. साधारण ७२० हर्ट्झच्या आसपास ते आवाज पुढे ढकलतं, आणि नेमकी तिथेच गिटार गर्दीतून ऐकू येते. पोरं मात्र बास आणि ट्रेबल वाढवून मधलं सगळं काढून टाकतात. मिसळीतली मटकी काढून रस्सा आणि शेव खाल्ल्यासारखं.

दुसरं डिले. याला गणित लागतं म्हणून मला जास्त आवडतं. ६०,००० ला मिनिटातल्या मात्रांनी भागा, एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. कहरव्याच्या मिनिटाला १२० मात्रा पडत असतील तर ५००. डिले ५०० वर ठेवला की नक्कल बरोबर पुढच्या मात्रेवर पडते, ३७५ वर ठेवला की आडवी, खेळकर. अंदाजाने ठेवला तर तबलजीशी भांडण. आणि मींड घेणार असाल तर डिले बंद किंवा अगदी मंद. सूर खालून वर सरकत असताना मागच्या सुराची नक्कल येऊन त्याच्या अंगावर पडते आणि मींड मातीत जाते.

रिव्हर्ब मला फारसं लागत नाही. पत्र्याच्या मंगल कार्यालयात वाजवून बघा, रिव्हर्ब फुकट आहे.

शंभर आवाज एकाच यंत्रात देणाऱ्या मल्टी-इफेक्टबद्दल माझं मत पोरांना पटत नाही. स्वस्त पडतं, मान्य. पण वर्षभर ते शंभर आवाज चाळण्यात जातं आणि बोटं तिथेच राहतात. बाप हमालीला किंवा सोयाबीन काढायला जातो अशा घरातला पोरगा मोबाइलच्या हप्त्यावर आणखी एक हप्ता चढवतो, तेव्हा मला राग यंत्राचा येत नाही, त्याला 'हे घेतलं की तो आवाज येईल' असं सांगणाऱ्यांचा येतो. नवीन तारांचा एक संच, नीट लावलेली गिटार, आणि गिटारवरचीच व्हॉल्यूमची कळ. ती कळ दहावरून सातवर आणली की तेच ओव्हरड्राइव्ह स्वच्छ होतं. एका पेडलमध्ये तीन आवाज तिथेच मिळाले.

संगीत घरात असावं की नसावं, हा वाद मी इथे काढत नाही. ज्याच्या त्याच्या घरचा तो प्रश्न आहे आणि त्यावर बोलायला माझ्यापेक्षा जाणकार लोक आहेत. गिटार ज्या घरात आलीच आहे, त्या घराबद्दल मी लिहितोय.

त्या घरासाठी सगळ्यांत महत्त्वाचं सांगायचं राहिलं, अर्थिंग. आपल्या जुन्या घरांत आणि मांडवांत तिसरी पिन बहुतेक वेळा शोभेचीच असते. गिटारच्या तारा अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अँपचं अर्थिंग कापलेलं आणि माइक दुसऱ्याच लाइनवर असेल, तर तारांना हात आणि माइकला ओठ लागताच करंट शरीरातून जाऊ शकतो. १९७२ मध्ये स्कॉटिश वादक लेस हार्वे स्वान्सीच्या स्टेजवर असाच गेला. ऐन कार्यक्रमात, लोकांसमोर. खांबावर आकडा टाकून घेतलेल्या लाइनवर गिटार वाजवू नका. स्टेजवर चढण्याआधी टेस्टर फिरवा, माइक आणि गिटार एकाच बोर्डावरून घ्या, आणि गॅदरिंगच्या दिवशी वायरमनला आधी चहा पाजून अर्थिंग तपासून घ्या. पेडलला नऊ व्होल्टचा ॲडॉप्टर घेताना पिनेच्या आत ऋण आणि बाहेर धन आहे ना हेही बघा. बहुतेक पेडलांना तसाच लागतो, उलटा लावला तर डबी जळू शकते. लाइट जाणाऱ्या आमच्यासारख्या गावात चौकोनी सेल जवळ ठेवलेला बरा.

एवढं सगळं झाल्यावरही पेडल घ्यायचंच असेल तर जरूर घ्या. तीन-चार हजारांत छोटी चिनी पेडलं मिळतात आणि ती वाईट नसतात. मुंबईत ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन नावाची कंपनी फझ आणि डिस्टॉर्शनची पेडलं इथेच बनवते, परदेशातले वादक ती मागवतात. कधी पैसे साठले तर त्यांचं एक मला घ्यायचंय. तोवर माझ्याकडे दोन डब्या आहेत, आणि ज्याला ऐकायच्या असतील त्याने रविवारी दुपारी घरी यावं. येताना स्वतःची गिटार आणावी, जुन्या तारांसकट. आधी त्या बदलू.