एमआरआय : धोका फक्त रुग्णालाच नसतो

जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळील वेस्टबरी येथे ६१ वर्षांचे एक गृहस्थ एमआरआयच्या खोलीत शिरले. गळ्यात व्यायामासाठीची जड धातूची साखळी होती. यंत्राने त्यांना ओढून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. तपासणी त्यांची नव्हती, पत्नीची होती.

आपल्याकडे २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात असेच घडले. नातेवाईक रुग्णासोबत आलेला ३२ वर्षांचा तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला आणि प्राणाला मुकला. यंत्र बंद असल्याचे कर्मचाऱ्याने सांगितले होते, असा कुटुंबीयांचा आरोप होता. त्याआधी नोव्हेंबर २०१४ मध्ये खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये दोन कर्मचारी सिलिंडर आणि यंत्र यांच्यामध्ये काही तास अडकून पडले होते.

तिन्ही घटनांत इजा झाली ती रुग्णाला नव्हे, सोबतच्या माणसाला किंवा कर्मचाऱ्याला. माहितीचा फॉर्म मात्र बहुतेक वेळा फक्त रुग्णाकडून भरून घेतला जातो.

'यंत्र बंद आहे' हा समज सर्वांत घातक. नेहमीच्या १.५ टेस्लाच्या यंत्राचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा तीस हजार पटींहून शक्तिशाली असते. ते द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवलेले असते. आवाज थांबला, वीज गेली, तरी ओढ कायम राहते.

आमच्या कवठे येमाई परिसरातून एमआरआयला जाताना रुग्णासोबत दोन-तीन माणसे असतातच. म्हणून हे सर्वांनीच पाळावे :

• चाव्या, मोबाईल, नाणी, घड्याळ, तंबाखूची डबी, सेफ्टी पिन, हेअरपिन, दागिने, श्रवणयंत्र बाहेर ठेवा.
• पेसमेकर, मेंदूतील क्लिप, कानातील इम्प्लांट, हाडातील रॉड किंवा प्लेट असल्यास आधीच सांगा. शस्त्रक्रियेची कागदपत्रे सोबत न्या. अनेक इम्प्लांट चालतात, पण तो निर्णय तिथल्या तज्ज्ञांचा.
• वेल्डिंग, ग्राइंडिंग, लेथचे काम करणाऱ्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असल्यास जरूर सांगावे. तो कण हलून दृष्टीला इजा होऊ शकते.
• सिलिंडर, व्हीलचेअर, स्ट्रेचर स्वतः आत नेऊ नका, कोणी सांगितले तरी. एमआरआयसाठीचे साहित्य वेगळे असते.
• रुग्ण अत्यवस्थ झाल्यास धावत आत जाऊ नका. कर्मचारी त्याला बाहेर आणतील आणि उपचार बाहेर होतील.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. योग्य काळजी घेतली तर ही तपासणी सुरक्षित आहे, ती घाबरून टाळू नका. दारावर प्रत्येकाची तपासणी करणे ही केंद्राची जबाबदारी आहे. ती होत नसेल तर आत पाऊल टाकण्याआधी विचारा : "माझी तपासणी कोण करणार?"