तरंगणारा दाणा, वाचणारा पैसा

कुंभकोणमजवळचं स्वामीमलै तुम्हाला मुरुगनच्या देवळासाठी आणि पंचधातूच्या मूर्तींसाठी ठाऊक असेल. पण हा कावेरीकाठ भातशेतीचाही आहे. भात आला की कोंडा आला. आणि कोंडा व शेंगदाणा पेंड हे रोहू-कटल्याचं जुनं खाद्य. अडचण एकच. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं, पाण्यातला ऑक्सिजन घटतो आणि पहाटे मासे वर येऊन धापा टाकतात. मत्स्यपालनात साधारण निम्मा खर्च खाद्याचाच, म्हणजे पैसाही बुडतो!

यावर उपाय तरंगत्या खाद्याचा. एक्स्ट्रूडर यंत्रात उष्णतेने आणि दाबाने शिजलेला दाणा बाहेर पडताना फुगतो, म्हणून तरंगतो. मासे किती खातात ते डोळ्यांना दिसतं. खाणं मंदावलं की हात थांबवा. घरच्या फिश टँकलाही हाच नियम, बरं का!