स्मृती हरपली तरी माणूस उरतो

स्मृती म्हणजेच मनुष्य, असे पुष्कळदा म्हटले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. आणि ज्याची स्मृती हरपली त्याच्या दृष्टीने ते अन्यायकारकही आहे.

अमेरिकेतील हेन्री मोलॅसन यांचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. त्यांचा जन्म १९२६ सालचा. तरुणपणी अपस्माराच्या झटक्यांनी ते जर्जर झाले होते. १९५३ साली शल्यचिकित्सक विल्यम स्कोव्हिल यांनी त्यांच्या मेंदूचा, दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर असलेला काही भाग काढून टाकला. हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा मोठा अंश त्यात गेला. झटके बरेच कमी झाले. परंतु नवी आठवण टिकवून धरण्याची शक्तीही नाहीशी झाली. बालपण त्यांना आठवे, बुद्धी शाबूत होती, वागणे सौजन्याचे होते. मात्र लक्ष दुसरीकडे वळताच नुकतीच भेटलेली व्यक्ती त्यांना अपरिचित होई.

मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणीची आकृती गिरविण्यास दिली. तीन दिवसांच्या सरावाने त्यांचा हात सुधारत गेला. आपण हे काम पूर्वी केले आहे, हे मात्र त्यांना स्मरत नसे. स्मृती ही एकच कोठी नव्हे, घटनांची आठवण निराळी आणि हाताचे कसब निराळे, हे यावरून स्पष्ट झाले.

या ज्ञानाचा उपयोग प्रयोगशाळेपुरताच राहता कामा नये. अपघाताने, पक्षाघाताने किंवा वार्धक्यातील विकाराने विसरू लागलेल्या माणसाला ‘आत्ताच सांगितले ना!’ असे घरोघरी दटावले जाते. मोडलेल्या पायाने धाव म्हणण्यासारखेच हे आहे. तो हट्टी नसतो आणि खोटेही बोलत नसतो. त्याची परीक्षा पाहण्याऐवजी वस्तू ठरल्या जागी ठेवाव्यात, दिनक्रम शक्यतो बदलू नये, आणि हातांना जे येते ते त्याला करू द्यावे. प्रत्येक विकारात काय गेले व काय उरले हे भिन्न असते. म्हणून वैद्यकीय तपासणी आवश्यकच आहे. तसेच अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्या गृहिणीलाही विसावा मिळाला पाहिजे. हा भार एकटीवर टाकून कुटुंबाने मोकळे होणे योग्य नव्हे.

मोलॅसन २००८ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी निवर्तले. तोपर्यंत जग त्यांना केवळ ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखत होते. सुमारे अर्धशतक त्यांनी शास्त्रज्ञांना साहाय्य केले, पण आपण काय दिले याची आठवण त्यांच्यापाशी राहू शकली नाही. ती राखणे हे इतरांचे काम होते. प्रत्येक घरातील विस्मरणग्रस्ताविषयीही हेच खरे आहे: तो विसरला, तरी तो कोण आहे हे भोवतालच्यांनी विसरू नये.