गाडीचा गडगडाट आणि शेजाऱ्याची झोप

या सदरात आजवर शिवणयंत्रापासून गच्चीवरील सौरतापकापर्यंत अनेक यंत्रांचा विचार झाला. परंतु या वेळी ओहायो राज्यातून आमच्या एका वाचक भगिनीने जो प्रश्न धाडला आहे तो काहीसा निराळा आहे. त्यांच्या चिरंजीवांनी २००१ सालची एक जुनी डॉज रॅम गाडी विकत घेतली. आपल्या येथे जिला ‘पिकअप’ म्हणतात त्या जातीची, पण आकाराने दांडगी, आणि सहा सिलिंडरांच्या कमिन्स डिझेल एंजिनाची. आधीच्या मालकाने मूळ धूरनळी काढून टाकून बाजारातील चार इंची नळी बसविली होती, आणि तीत सायलेन्सर म्हणून काहीच ठेवले नव्हते. चिरंजीव पहाटे साडेचारला बागकामाची यंत्रे ट्रेलरवर घालून कामास निघतात. भिंतीपलीकडे तान्हे मूल आहे. घरमालकाने लेखी बजावले आहे की, महिन्याभरात आवाज कमी करा, नाहीतर गाडी आवारात उभी करू नका. आणि मातोश्रींची खरी चिंता निराळीच आहे : संध्याकाळी जेवावयास बसल्यावर मुलाच्या कानांत घंटानाद होत राहतो. ‘गाडीची ताकद न घालविता ती शांत करता येईल काय?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, येईल. आणि त्यासाठी गाडी विकण्याचे कारण नाही.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना आश्चर्य वाटेल की, पैसे मोजून कोणी आवाज विकत का घेतो? परंतु अमेरिकेत हा मोठा व्यापार आहे, आणि त्यामागे निव्वळ मिरवण्याची हौस नाही. टर्बो बसविलेल्या डिझेल एंजिनाला धूर बाहेर टाकण्यास मोकळी वाट मिळाली, तर अवजड ट्रेलर ओढून चढ चढताना धुराचे तापमान कमी राहते, ही गोष्ट खरी आहे. चूक होते ती पुढे. रुंद नळी हवी, एवढ्यावरून ‘सायलेन्सर नको’ असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो मात्र खरा नाही.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. इंडियाना राज्यातील कोलंबस या लहानशा गावी मिल्टन रीव्ह्ज आणि त्यांचे बंधू मार्शल यांनी १८९७ साली एंजिनाचा आवाज दाबणाऱ्या डब्याचे पेटंट मिळविले. हेच मिल्टन रीव्ह्ज पुढे १९११ साली आठ चाकांची मोटार बनवून बसले. ती अर्थातच खपली नाही. त्याच कोलंबस गावी १९१९ साली क्लेसी कमिन्स यांनी आपली डिझेल एंजिनांची कंपनी स्थापन केली, आणि तिचीच एक शाखा १९६२ साली किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्यास कोथरूडला उभी राहिली. म्हणजे ज्या एंजिनाने ताईंच्या शेजाऱ्यांची झोप उडविली आहे, ते आणि त्यावरचा उतारा एकाच गावचे रहिवासी होत.

आता आवाज येतो कोठून ते पाहू. प्रत्येक सिलिंडरची झडप उघडली की दाबाखालील तप्त वायू नळीत एकदम शिरतो. तो एक धक्का. चार फेरांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन आवर्तनांत एकदा असा धक्का देतो. सहा सिलिंडर, मिनिटास १८०० आवर्तने (हमरस्त्यावरील सावकाश चालीत साधारण इतकी असतात), म्हणजे सेकंदास ९० धक्के. नव्वद कंपनांचा हा स्वर अगदी खर्जातला आहे. तो कानांपेक्षा छातीला अधिक कळतो, आणि भिंती, खिडक्या, पत्रा यांना तो फारसा जुमानत नाही. गाडीत बसणाऱ्याला जी सततची घुमघुम सोसावी लागते ती बहुधा हीच. टर्बोचे चक्र या धक्क्यांचा बराच जोर मुळातच शोषून घेते, म्हणूनच सायलेन्सर नसलेली डिझेल गाडी सायलेन्सर नसलेल्या पेट्रोल गाडीपेक्षा कमी कर्कश वाटते. खर्ज मात्र शिल्लक राहतो.

तथापि डिझेल गाडीचा सगळाच आवाज धूरनळीचा नसतो, हे ध्यानात घेतल्याविना एक पैसाही खर्च करू नये. डिझेलची जी ओळखीची खडखड असते, घाट चढणाऱ्या एस.टी.ची आपल्यापैकी कित्येकांच्या कानांत अजून असेल, ती एंजिनाच्या पोटातील ज्वलनाची आहे, आणि कोणताही सायलेन्सर तिला हात लावू शकत नाही. २००३ साली या गाड्यांत नवी इंधनपद्धती आली. तीत मुख्य फवाऱ्याआधी थोडेसे इंधन सोडून ती खडखड पुष्कळ कमी केली गेली. चिरंजीवांची गाडी त्याआधीची आहे. एंजिनाचा आवाज आणि नळीचा आवाज समसमान असेल, तर नळी पूर्णपणे मुकी केली तरी एकूण घट फक्त ३ डेसिबल होते, आणि तेवढी घट शेजाऱ्याला जेमतेम जाणवते. म्हणून कोणास तरी एंजिन सुमारे १८०० आवर्तनांवर धरावयास सांगावे. स्वतः आधी गाडीच्या नाकाशी आणि मग शेपटाशी, सारख्याच अंतरावर उभे राहून ऐकावे. पत्रातील वर्णनावरून येथे शेपूटच अपराधी दिसते.

पहिले काम गळती शोधण्याचे, आणि त्यास खर्च जवळजवळ नाही. एंजिन पूर्ण थंड असताना धूरनळीच्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनरची बाहेर फेकणारी हवा मंद जोराने लावावी आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी शिंपडावे. जेथे बुडबुडे उठतील तेथे गळती आहे. टर्बोपासून खाली येणाऱ्या नळीचा सांधा आणि एंजिनालगतचे गॅस्केट, या दोन जागा विशेष पाहाव्यात. काजळीची काळी रेघ दिसली तर साबणाचीही गरज नाही. थंड असताना टिकटिक करणारी आणि तापल्यावर विरणारी गळती पुष्कळदा गॅस्केटपाशी सापडते. नवा सायलेन्सर बसवून तीच गळती तशीच ठेवणारी मंडळी काही थोडी नाहीत.

दुसरा विचार नळीच्या टोकाचा. अशा बाजारी नळ्या कित्येकदा मागल्या चाकांच्या अलीकडेच कापून जमिनीकडे वळविलेल्या असतात. मग आवाज रस्त्यावर आपटतो, वरच्या पत्र्याच्या हौद्याखाली घुमतो आणि चालकाच्या पाठीशी येऊन बसतो. नळी मागल्या ॲक्सलवरून नेऊन चाकामागे बाजूला सोडली, तर आतली घुमघुम लक्षणीय उतरते. शिवाय धूरही चालकाच्या खिडकीपासून दूर जातो. तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नसावे, हे सांगावयास नकोच.

आता सायलेन्सर. त्याच्या मुख्य जाती दोन. एकीत जाळीदार सरळ नळीभोवती काचतंतू भरलेले असतात. ध्वनी त्या तंतूंत शिरून घर्षणाने उष्णतेत विरतो. दुसरीत आडव्या भिंतींचे कप्पे असतात. त्यांत लाटा परतून एकमेकींवर आदळतात व क्षीण होतात. पहिली जात वायूला अडवीत नाही, परंतु ती उंच स्वर खाते आणि खर्ज बराचसा सोडून देते. शिवाय डिझेलची काजळी व तेलकट वाफ काही वर्षांत तंतूंत साठते, तंतू उडूनही जातात, आणि स्वस्तातला डबा दरवर्षी थोडा थोडा बोलका होत जातो. दुसरी जात खर्ज चांगला दाबते, पण वायूची वाट वाकडी करते. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीसाठी माझे मत असे की, चार इंची सरळ वाटेचा, पण जितका लांब आणि जाड धडाचा डबा गाडीखाली मावेल तितका घ्यावा. आखूड, चकचकीत, हातभर नावाच्या डब्याला आकर्षण पुष्कळ असते, परंतु आवाज दाबण्यास जागा लागते आणि ती जागा नावाने भरून निघत नाही. त्यामागे तशाच जातीचा एक लहान डबा, ज्याला बाजारात रेझोनेटर म्हणतात, जोडला तर दोघे मिळून पुष्कळसे काम करतात.

ताकद जाईल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. टर्बोचे चक्र फिरते ते आधीच्या आणि नंतरच्या दाबांतील फरकावर. म्हणून टर्बोनंतरची वाट मोकळी हवी, हे मान्य. पण चार इंची सरळ सायलेन्सरमुळे पडणारा अडथळा इतका अल्प असतो की, ट्रेलरमध्ये गवत कापण्याचे एक यंत्र अधिक चढविल्याने जो फरक पडेल त्याहून तो अधिक जाणवू नये. शंका उरलीच तर धुराचे तापमान दाखविणारा काटा बसवून घ्यावा, आणि आधी व नंतर, त्याच चढावर, त्याच ओझ्यासह, तो वाचावा. याउलट नळीत चिंध्या, स्टीलच्या तारांचे बोळे किंवा छिद्राची चकती कोंबण्याचा जो फुकटचा सल्ला मिळतो, तो मात्र एंजिनाच्या मुळावर येणारा आहे.

एवढे करूनही १८०० आवर्तनांवर खर्ज शिल्लक राहिला, तर एक सुंदर उपाय आहे. मुख्य नळीला काटकोनात एक आडवी नळी जोडावयाची आणि तिचे दुसरे टोक बंद करावयाचे. लाट तीत शिरते, बंद टोकावर आपटून परत येते. आणि तिची लांबी लाटेच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याइतकी असेल, तर परत येणारी लाट मुख्य लाटेच्या नेमकी उलट पावलात पडते. दोघी एकमेकींना पुसतात. हिशेब असा : साध्या हवेत ध्वनी सेकंदास सुमारे ३४३ मीटर जातो, पण २०० अंश सेल्सिअसच्या वायूत सुमारे ४३५ मीटर. त्यास ९० ने भागल्यास लाटेची लांबी ४ मीटर ८० सेंटिमीटरच्या आसपास येते. तिचा चौथा हिस्सा साधारण १ मीटर २० सेंटिमीटर. आडव्या नळीतील वायू स्थिर असल्याने थोडा थंड असतो, तेव्हा किंचित आखूड नळी पुरते. म्हणून टोकाला सरकते बूच ठेवून कानाने जुळवणी करणे उत्तम. वीणेची तार जुळविण्यासारखेच हे काम आहे. मात्र हा उपाय त्या एकाच स्वरावर चालतो. मिनिटास २१०० आवर्तनांवर स्वर १०५ कंपनांचा होतो, आणि तेथे त्याच नळीचा उपयोग फारच थोडा. म्हणून गाडी ज्या वेगात दिवसातला अधिक वेळ धावते तो आकडा चिरंजीवांनी आधी नीट टिपून ठेवावा.

कानांविषयी दोन शब्द. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की, ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांहून अधिक सोसू नये. आणि दर ३ डेसिबल वाढीमागे ही मुदत निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. अलीकडे खिशातील फोनवरही आवाज मोजता येतो. पण त्यातील नेहमीचे ‘ए’ मापन खर्जाला फार कमी गुण देते. ‘सी’ मापन लावून पाहिले म्हणजे घुमघुमीचा खरा आकडा दिसतो. यात दोष केवळ गाडीचाच नसावा : गवत कापणारी व पाने उडविणारी यंत्रेही त्याच कानांवर दिवसभर आदळत असणार. गाडी शांत होईपर्यंत थांबू नये. कामावर आजपासून कानटोप लावावा, आणि घंटानाद रात्रभर विश्रांती घेऊनही थांबत नसेल तर कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणशक्तीची तपासणी करवून घ्यावी. अंतःकर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

गाडीच्या तळाशी जाड रबरी चटया अंथरून आतला आवाज कमी होतो, परंतु शेजाऱ्याला त्याचा काही लाभ नाही. नळी लटकविणारे रबर झिजून लोखंड लोखंडाला लागत असेल तर मात्र ते अवश्य बदलावे. कित्येक गाड्यांची थरथर तेवढ्यानेच निम्मी होते.

आणखी एक सूचना, विशेषतः २००७ सालानंतरच्या गाड्या असणाऱ्यांसाठी. त्यांत काजळी अडविणारी गाळणी असते आणि ती स्वतःच आवाज बराच दाबते. ती काढून सरळ नळी घातलेली गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. उत्सर्जन आवरणारी यंत्रणा काढणे तेथील स्वच्छ हवा कायद्याने निषिद्ध आहे, आणि ती पुन्हा बसविण्याचा खर्च जबर असतो. ताईंच्या गाडीला मुळात उत्प्रेरकाचा डबा होता की नव्हता, हे एंजिनाच्या झाकणाखालील उत्सर्जनाच्या चिकटपट्टीवरून कळेल. होता असे दिसल्यास तोही परत बसवावा.

काम गॅरेजातच करून घ्यावे हे बरे. घरी करावयाचेच झाले तर गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम घोड्यांवर टेकवावी, नळी पूर्ण निवू द्यावी, वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडवाव्यात, आणि इंधनाची व ब्रेकची नळी कोठून जाते ते आधी बोटाने चाचपून पाहावे. जस्ताचा मुलामा दिलेली नळी वेल्डिंगला मुळीच वापरू नये; तिचा धूर विषारी असतो. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून थोडे अधिक पैसे देऊन स्टेनलेसचा डबा घेणेच परवडेल. आणि सारे सांधे प्रथम क्लॅम्पने आवळून, गाडी दोन दिवस चालवून, टोक व जागा मनासारखी जुळल्यावर मगच वेल्ड करावेत.