‘इंटर्नशिप’चा व्हिसा : सवलत, हक्क नव्हे

अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला प्रशिक्षणाच्या नावाखाली काम करण्याची जी मुभा मिळते, तिच्या भरवशावर आज असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांच्या शैक्षणिक कर्जाचे गणित उभे आहे. ‘ओपन डोअर्स’ अहवालानुसार २०२३-२४ मध्ये तेथील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर गेली. त्यातील सुमारे ९७ हजार जण वर्गात बसतच नव्हते. शिक्षण संपवून ते ‘ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग’ म्हणजे ‘ओपीटी’वर नोकरी करीत होते. दर दहांतील तिघे असे हे प्रमाण आहे.

या मुभेचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते. शिक्षण चालू असताना अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग म्हणून केलेल्या इंटर्नशिपला ‘करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंग’ अर्थात ‘सीपीटी’ म्हणतात. तिला मंजुरी विद्यापीठातील नियुक्त अधिकारी देतो आणि ती ‘आय-२०’ या कागदावर नोंदवली जाते. साधारणतः एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावरच ती मिळते. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने झाली की त्या पदवीपुरता ओपीटीचा मार्ग बंद होतो. ओपीटीची परवानगी मात्र अमेरिकेचे नागरिकत्व व स्थलांतर खाते देते. तिची मुदत बारा महिन्यांची असून विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांना आणखी चोवीस महिने मिळू शकतात. पहिल्या वर्षात एकूण नव्वद दिवसांहून अधिक काळ बेकार राहिल्यास विद्यार्थ्याचा दर्जाच धोक्यात येतो, हे मात्र प्रवेशाच्या धामधुमीत फारसे कोणी सांगत नाही.

मंजुरी विद्यापीठाच्या हाती असल्याने सीपीटीत पळवाटा निघाल्या. पहिल्या दिवसापासून कामाची परवानगी देऊ करणाऱ्या संस्थांचे पीक आले. त्याचा सर्वांत विदारक शेवट जानेवारी २०१९ मध्ये मिशिगन राज्यातील ‘फार्मिंग्टन विद्यापीठा’त दिसला. वर्ग नाहीत, प्राध्यापक नाहीत, केवळ शुल्क भरा आणि काम करा, असा हा प्रकार. प्रत्यक्षात ही ‘संस्था’ अमेरिकी अंतर्गत सुरक्षा यंत्रणेनेच सापळा म्हणून उभारली होती. प्रारंभी अटक झालेल्या १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय होते. सरकारनेच दुकान मांडावे आणि गिऱ्हाइकाला पकडावे, यावर टीका झाली व ती रास्तही होती. तथापि, विद्यार्थ्यांचे नुकसान त्यामुळे भरून निघाले नाही.

खरा प्रश्न ओपीटीच्या पायाचा आहे. पदवीनंतरची ही मुभा अमेरिकी काँग्रेसने केलेल्या कायद्यात स्पष्टपणे लिहिलेली नाही. ती प्रशासकीय नियमावर उभी आहे. २००८ मध्ये बुश प्रशासनाने विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सतरा महिन्यांची मुदतवाढ दिली. जनतेच्या हरकती न मागवताच हा नियम काढल्याने २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने तो रद्दबातल ठरवला. २०१६ मध्ये रीतसर प्रक्रिया करून चोवीस महिन्यांचा नवा नियम आला. त्यालाही तंत्रज्ञान क्षेत्रातील एका कामगार संघटनेने आव्हान दिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने दोनास एक अशा बहुमताने सरकारची बाजू उचलून धरली व पुढे सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. या निकालाने आपल्याकडे सुटकेचा निःश्वास सोडला गेला. परंतु सरकारला असा नियम करण्याचा अधिकार आहे, एवढेच त्यात म्हटले आहे. नियम ठेवलाच पाहिजे, असे नाही.

मे २०२५ मध्ये स्थलांतर खात्याच्या संचालकपदासाठी सिनेट समितीपुढे आलेले जोसेफ एडलो यांनी शिक्षण संपल्यानंतरचे कामाचे परवाने बंद करण्याची इच्छा बोलून दाखवली; पुढे तेच संचालक झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या ‘एच-१बी’ अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादणारा आदेश निघाला. अमेरिकेतच राहून विद्यार्थी व्हिसावरून ‘एच-१बी’वर जाणाऱ्यांना तो लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबरमध्ये झाला. म्हणजे या शुल्कामुळे ओपीटीचे मोल घटण्याऐवजी वाढलेच. बाहेरून माणूस आणण्यापेक्षा आत असलेला घेणे कंपनीला स्वस्त पडते. शिवाय ओपीटीवरील बहुतेक विद्यार्थ्यांसाठी पहिली पाच वर्षे सामाजिक सुरक्षा व मेडिकेअरचा कर भरावा लागत नाही. विरोधकांचा मुख्य आक्षेप नेमका हाच आहे आणि तो सर्वस्वी पोकळ नाही.

पुण्या-मुंबईत शिकत असताना केवळ इंटर्नशिपसाठी जाणाऱ्याची वाट निराळी आहे. त्याच्यासाठी ‘जे-१’ व्हिसा असतो. परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली प्रायोजक संस्था व प्रशिक्षणाचा लेखी आराखडा आवश्यक असतो. मुदत अधिकाधिक बारा महिने. या व्हिसावर गेलेल्या अनेकांना पूर्वी दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट पाळावी लागे. डिसेंबर २०२४ मध्ये संबंधित कौशल्य-यादीतून भारताचे नाव वगळल्याने यादीपुरती ती अट उरलेली नाही. सरकारी निधीतून जाणाऱ्यांना मात्र ती आजही लागू आहे. या व्हिसावर कर्ज फिटण्याजोगी कमाई होत नाही, म्हणून एजंटांच्या जाहिरातींत तो क्वचितच दिसतो.