वाट पाहू नका

‘बापूसही उशिराच बोलायला लागला होता,’ या समजुतीत दोडामार्गातल्या घरांतही मोलाची वर्षं निघून जाऊ शकतात. नावानं हाक मारली तरी न वळणं, बोट दाखवून काही न मागणं ही स्वमग्नतेची लक्षणं दीड-दोन वर्षांच्या वयातच दिसू शकतात. मेंदू तेव्हा झपाट्यानं घडत असतो. म्हणून वाचा-उपचार आणि खेळातून शिकवणं लवकर सुरू व्हायला हवं. त्यानं स्वमग्नता ‘बरी’ होत नाही, पण संवाद सोपा होतो. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे. तिथं शंका मोकळेपणानं सांगा. मोठ्या दुखण्याला आपण गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय गाठतोच. मुलाच्या न बोलण्यासाठीही तेवढीच घाई करा.